दुसरा उकार

बाबा, हे तुम्हाला लिहिते आहे, आणि तुमच्यासारख्या त्या सगळ्यांना, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सभा दारात उभं राहून ऐकल्या. तुमचं आणि माझं गाऱ्हाणं एकच आहे. आपल्याला 'बोल' असं कोणी म्हणत नाही. आणि न विचारता बोललोच, तर 'पुरे' म्हणायला खुर्चीवरचा प्रत्येक माणूस तयार असतो. उटनूरच्या त्या कार्यालयात तुम्ही अटेंडर म्हणून बावीस वर्षं चहा दिलात, फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेल्यात, जंगलातल्या गावांतून अर्ज घेऊन आलेल्या माणसांना कोणत्या खोलीत जायचं ते सांगितलंत. तुमचं काय म्हणणं आहे, हे एकाही साहेबाने तुम्हाला विचारलं नाही. एकदाच तुम्ही साहेबासमोर आपणहून बोललात. तेही माझ्यासाठी, आणि तेही खोटं. त्या खोट्याबद्दल मला आज तुमच्याशी बोलायचं आहे, कारण ते खोटं होतं हे जगात दोघांनाच माहीत होतं, आणि आता एकटीलाच माहीत आहे.

तुम्ही गेल्याला चौदा वर्षं झाली. माझ्या लग्नाला तीन महिने झाले. नेरडीगोंड्याला हमरस्त्याच्या कडेला आमची भाड्याची दोन खोल्यांची जागा आहे. ट्रक गेला की रॅकमधली ताटं वाजतात. तुमचे जावई तेलगू शाळेत मास्तर आहेत. आता उन्हाळ्यामुळे शाळा सकाळच्या झाल्या आहेत, साडेबाराला ते घरी येतात. तोवर मी, ही ताटं आणि रस्ता. दिवसभरात ऐकू येणारे माणसांचे आवाज मोजायचे ठरवले तर एका हाताची बोटं पुरतात. भांडण नाही, जाच नाही, कोणी उणादुणा शब्द बोलत नाही. तरीही ज्या मुलीचा आवाज तळमडुगूपासून आदिलाबादपर्यंत माइक नसताना पोहोचायचा, ती मुलगी तीन महिन्यांत एकदाही मोठ्याने बोललेली नाही. हे कशाने झालं, ते सांगायचं तर आधी त्या पंधरा ऑगस्टकडे जावं लागतं.

मी बारा वर्षांची आहे. तुमच्या कार्यालयाच्या मोठ्या हॉलमध्ये झेंडावंदनानंतरची सभा भरली आहे. पुढे साहेब, त्यांच्या शेजारी आमचे हेडमास्तर, आणि मागे दारात तुम्ही, हातात चहाचा ट्रे. मराठी शाळेतर्फे मला भाषण करायचं आहे. गुरुजींनी लिहून दिलेला कागद मला पाठ आहे. तो संपतो, टाळ्या पडतात, आणि मी जागेवरून हलत नाही. मी म्हणते, आमच्या शाळेत मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडी नाही. एक मुलगी आत गेली की दुसरीला बाहेरून दार धरून उभं राहावं लागतं. दार धरणारी मैत्रीण त्या दिवशी आली नसेल, तर आम्ही दिवसभर पाणी पीत नाही. साहेबांना मराठी येत नाही, पण हॉलमधली कुजबुज सगळ्या भाषांत सारखीच असते. हेडमास्तर त्यांच्या कानाशी लागतात. साहेब मला थांबवायला हात वर करतात आणि तेलगूत म्हणतात, "चालु अम्मा, चालु." मी थांबत नाही. सातवीतल्या एका मुलीने घाबरून शाळाच सोडली, तेही सांगते. हेडमास्तर अर्धे उठतात. आणि मग दारातून तुमचा आवाज येतो. बाबा, तुमचा आवाज त्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा ऐकला. तुम्ही तेलगूत म्हणालात की साहेब, लेकराला तेलगू कळत नाही, आणि आमच्या मराठीत चालू म्हणजे 'थांबू नको, पुढे बोल'. तुमची आज्ञा समजूनच ती बोलते आहे. सगळा हॉल हसला. साहेब तर इतके हसले की त्यांनी चष्मा काढून पुसला. "बोलू दे, बोलू दे," म्हणाले. मी बोलले.

घरी जाताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात आणि मी कॅरियरला धरून मागे. बाजार ओलांडला. मग म्हणालात, "तुले तेलगू येते."

"हो."

"कोमटनीच्या किराना दुकानात घासाघीस तूच करतं ना? मंग चालु म्हंजे काय ते मालूम होतं तुले."

"मालूम होतं."

"मंग काऊन नाई थांबली?"

"शाळा सोडली त्या पोरीचं सांगाचं राह्यलं होतं, बाबा."

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "आज माही नौकरी गेली असती, पोट्टे. बारक्या उकारावर वाचलो." मला वाटलं, विषय संपला. रविवारी सकाळी तुम्ही बाजारातून लोखंडी कडी, चार स्क्रू आणि शेजाऱ्याचा पेचकस घेऊन आलात आणि मला सोबत घेऊन शाळेत गेलात. साहेब हसले, सभा हसली, पण कडी कोणीच पाठवली नव्हती. मी फळी धरली, तुम्ही स्क्रू पिळलेत. लाकूड सडकं होतं, दोनदा जागा बदलावी लागली. कडी बसली, तशी तुम्ही मला आत उभं करून दार लावायला लावलंत आणि बाहेरून ढकलून पाहिलंत. दार हललं नाही. बाहेरूनच म्हणालात, "भाषनानं कडी बसत नाई. बोलनं झालं का लोकाईले शेवटी एक काम सांगत जा. एकच. दोन सांगतले तं एकबी करत नाई." शिक्षण कॉलेजात झालं असं लोक म्हणतात. माझं त्या संडासात, आतून कडी लावून झालं.

चालु आणि चालू. तेलगूत पहिला उकार, अर्थ 'पुरे'. मराठीत दुसरा उकार, अर्थ 'होऊ दे'. आपल्या भागात एका पंगतीत दोन्ही भाषा जेवायला बसतात, तेव्हा नको म्हणणाऱ्याच्या ताटात आणखी एक वाढ पडते आणि सगळे हसतात. त्यामुळे तुमची ती गोष्ट खरी वाटण्यासारखीच होती. खेड्यातली पोर, तेलगू समजली नाही, हुकूम मानून बोलत राहिली. घराण्यात ती गोष्ट अशीच रुजली. तुम्ही कधी ती दुरुस्त केली नाहीत, मीही नाही. कोणी सांगायला लागलं की तुम्ही ताटावरून मान वर न करता एकदा माझ्याकडे पाहायचात. बस, तेवढंच. तीन वर्षांनी तुम्ही गेलात. त्यानंतर मी शेकडो वेळा बोलले असेन. विहारात, शाळांत, बचत गटांच्या मेळाव्यात, तहसीलच्या पायऱ्यांवर. पुस्तकं वाचली, मोठमोठे शब्द शिकले, टेबलावर हात आपटायलाही शिकले. पण प्रत्येक भाषणाचा शेवट तुमचाच. उद्या सगळ्यांनी दहा वाजता अर्ज घेऊन या. आज घरी गेल्यावर मुलीचं नाव शाळेत घाला. एकच काम.

लग्न आपल्या गावी, तळमडुगूला झालं, विहारासमोरच्या मोकळ्या जागेत. पांढरी साडी, पांढरा सदरा, समोर मूर्ती आणि फोटो, फुलांच्या पाकळ्या. आपल्याकडे नवरा आणि नवरी प्रतिज्ञा घेतात, त्या वेगवेगळ्या असतात, हे तुम्हाला माहीत आहे. मी आधीच सांगून ठेवलं होतं की दोघांनीही दोघांच्या प्रतिज्ञा म्हणायच्या. घर नीट ठेवण्याची प्रतिज्ञा माझी एकटीची कशी? आणि मान देण्याची त्यांची एकट्याची कशी? बौद्धाचार्य आपल्याच नात्यातले आजोबा. ते म्हणाले, "बाप्पा, लग्न हाय का वादविवाद स्पर्धा?" तेव्हा तुमचे जावई पुढे येऊन म्हणाले, "आजोबा, मले चालते." त्यांचं शिक्षण सगळं तेलगूत, घरी आईशी मराठी बोलतात, पण मराठी वाचताना ठेचकाळतात. म्हणून त्यांनी सगळ्या प्रतिज्ञा आदल्या रात्री तेलगू अक्षरांत उतरवून घेतल्या होत्या. मराठी शब्द, तेलगू लिपी. घाम फुटलेल्या हातात तो कागद धरून ते एक एक शब्द वाचत होते, आणि माझ्या मैत्रिणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला हसू नाही आलं. मला वाटलं, या माणसाने माझ्या भाषेसाठी रात्रपाळी केली आहे.

मग मोठे काका माइकवर आले. जेवणाआधी नवरीचं कौतुक करायचं म्हणून त्यांनी तीच गोष्ट काढली. हॉल, साहेब, चालु अम्मा. "आमच्या पोट्टीले वाटलं, साहेब म्हनते, हान गाडी!" मंडप नुसता हसला. सासरची माणसं तेलगू जाणणारी, त्यांना तर दुप्पट मजा आली. तुमचे जावईसुद्धा हसले. आणि मी, बाबा, सवयीने मान वर करून तुमच्याकडे पाहायला गेले. मंडपाच्या दारात चहाची मोठी किटली होती आणि तिच्या बाजूला कोणी नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले होते, पण पोरकी त्या क्षणी झाले. इतक्या माणसांत माझी एक गोष्ट होती, तिचा खरा अर्थ जाणणारं तिथे कोणी नव्हतं. सासरी मग तो विनोदच झाला. नणंद भाताची परात घेऊन यायची आणि विचारायची, "वहिनी, पयला का दुसरा?" मी म्हणायची पहिला, आणि ती मुद्दाम डावभर वाढायची. "नवरी हाय, दुसराच ऐकू आला!" गोड मुलगी आहे. मी हसून खायची.

संक्रांतीच्या सुट्टीत आम्ही हैदराबादला गेलो. तीन दिवस. चारमिनारच्या बाजूला बांगड्यांच्या गल्लीत त्यांनी मला हिरव्या काचेच्या बांगड्या घ्यायला लावल्या. दुकानदार म्हातारे होते, पांढरी दाढी, माझा हात चेपून बांगड्या चढवत होते. तुमच्या जावयांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी अभिमानाने सांगितलं, "चाचा, ये बड़े-बड़े जलसों में भाषण देती।" चाचांनी हात थांबवला आणि माझ्याकडे वर पाहिलं. "अरे, तो कांच की नक्को लो बेटा, मेज पे हाथ मारे तो फूट जाती।" मी म्हटलं, "फूटने दो चाचा, फिर आऊँगी।" तिघेही हसलो. त्या घटकेला मी सुखी होते, हे लिहून ठेवते. पुढचं वाचून तुमचा गैरसमज नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तळ्यातल्या बुद्धमूर्तीकडे जाणाऱ्या होडीत बसलो. माझ्याच हट्टाने. उन्हात ती पांढरी उंच मूर्ती पाण्यातून वर आलेली, आणि होडीचं इंजिन असं धडधडत होतं की शेजाऱ्याचंही अर्धंच ऐकू यावं. समोरच्या बाकावर एक जोडपं होतं, तुमच्या वयाचं. बाईने माझ्या बांगड्या पाहिल्या, नवं लग्न ओळखलं, डबा उघडला आणि संक्रांतीची सकिनालु, म्हणजे तांदळाच्या पिठाची, तीळ घातलेली कुरकुरीत गोल कडी, माझ्या हातावर ठेवली. "खा, माझ्या लेकीसारखी आहेस," असं तेलगूत म्हणाली. गाव विचारलं, सांगितलं. नवऱ्याची नोकरी विचारली, सांगितली. मग तिच्या नवऱ्याने आडनाव विचारलं, आणि त्यावरून त्यांना उमज पडेना, तेव्हा हसतमुखाने पुढे वाकून म्हणाले, "म्हणजे तुम्ही कोणते लोक?"

हा प्रश्न मला हजारदा विचारला गेलेला आहे आणि माझ्याकडे याची हजार उत्तरं आहेत. मी तेलगूत म्हटलं, "काका, ही होडी ज्याच्या पायाशी चालली आहे, त्याच्याकडे जाताना..." आणि माझ्या कानावर तुमच्या जावयांचा शब्द आला. "चालु." पुढचं वाक्य माझ्याकडे तयार होतं. ते मी म्हटलं नाही. इंजिन धडधडत राहिलं. काकांनी पाण्याकडे तोंड फिरवलं. बाईने डब्याचं झाकण लावलं, हळूच, मला वाईट वाटू नये इतक्या हळू. मूर्तीपाशी उतरल्यावर तिथल्या फोटोग्राफरने आमचा फोटो काढला. फोटोत मी हसते आहे. फोटोत माझी मूठ बंद आहे. आत त्या सकिनालुचा चुरा आहे, तो कुठे टाकावा ते मला कळत नव्हतं.

तो सगळा दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. परतीच्या बसमध्ये निर्मल गाव मागे पडल्यावर, डोंगराच्या वळणावर, त्यांनी विचारलं, "होडीत तू काऊन थांबली?"

मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात ना."

"मी तं चालू म्हनलं होतं. दुसरा."

"तेलगूत बोलणं चाललं होतं आपलं."

"तुह्याशी मी मराठीतच बोलतो." आणि मग, "मले तुह्यं बोलनं ऐकाचं होतं. त्यासाठीच तं म्हनलं मी."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. इंजिनाच्या आवाजात पहिला उकार कोणता आणि दुसरा कोणता, हे कोणी ठरवायचं? मी मनाशी म्हटलं, हाही तुमच्यासारखाच. आधी स्वतःच थांबवलं आणि आता गोष्ट रचून सावरून घेतो आहे. दुसऱ्याचं खोटं मी लगेच ओळखते, असा मला गर्व होता, कारण मी एका चांगल्या खोट्यावर वाढले होते. त्यानंतर आदिलाबादच्या महिला मेळाव्याचा फोन आला, मी घसा बसल्याचं सांगितलं. शाळेतल्या मुलींसाठी बोलवलं, घसा. आई फोनवर म्हणाली, "बरं झालं, आता संसाराकडं पाह्य." आणि परवा तळमडुगूहून बचत गटाच्या बायांचा फोन आला. चौदा एप्रिलच्या जयंतीला तूच बोलायचं. मुलींच्या वसतिगृहाचा प्रश्न आहे, दुसरं कोणी उभं राहायला तयार नाही. मी म्हटलं, सांगते. त्यांना आज संध्याकाळपर्यंत सांगायचं आहे. तुमचे जावई रोज शाळेतून आल्यावर विचारतात, "काही म्हनतं का?" मी म्हणते, "नाही." ते हातपाय धुतात, आम्ही जेवतो. बांगड्या अजून माझ्या हातात आहेत. तीन महिने झाले, एकही फुटलेली नाही.

आता ते लिहिते, ज्यासाठी सकाळपासून ही वही पुढे घेतली आहे. बाबा, त्यांचा शब्द कानावर आला तेव्हा मी आधीच थांबलेली होते. वाक्य अर्ध्यावर सोडून, श्वास आत घेऊन, त्या बाईच्या तोंडाकडे पाहत होते. तिच्या हातातला डबा अजून उघडा होता. मला वाटलं होतं, एक दिवस, फक्त एक दिवस, मी कोणाच्यातरी लेकीसारखी राहते. हिरव्या बांगड्यांची, नव्या साडीची, सुट्टीला आलेली कोणीही. पुढचं वाक्य म्हटलं की झाकण लागणार, हे मला ठाऊक होतं. मी थांबले, आणि त्यानंतर ते बोलले. थांबलेल्या माणसाला कोणी 'पुरे' म्हणत नाही. थांबलेल्या माणसाला म्हणतात तो दुसराच उकार. हे मला बसमध्येही माहीत होतं, आणि घशाचं कारण सांगताना प्रत्येक वेळी माहीत होतं. बारा वर्षांची असताना मी 'पुरे' ऐकलं आणि 'बोल' ऐकल्याचं सोंग केलं. एकोणतीस वर्षांची असताना 'बोल' ऐकलं आणि 'पुरे' ऐकल्याचं सोंग केलं. पहिल्या सोंगाला तुम्ही साथ दिलीत. दुसऱ्यासाठी मी एका चांगल्या माणसाला तीन महिने दोषी धरलं, कारण तो दोषी असला की मला भित्री व्हावं लागत नव्हतं.

बारा वाजून गेले आहेत. थोड्या वेळाने फाटकाची कडी वाजेल. आज ते विचारतील, "काही म्हनतं का?" आणि मी हे सगळं सांगणार आहे, उटनूरच्या त्या हॉलपासून, म्हणजे आपली गोष्ट मग पुन्हा दोघांना माहीत असेल. तुम्हाला चालेल ना? मग तळमडुगूला फोन. हा कागद कुठे धाडायचा नाही, वहीतच राहील. पण माझी जीभ अजून जड आहे, बाबा, खोटं कशाला बोलू. भाषणाच्या शेवटी एकच काम सांगायचं, असं तुम्ही शिकवलंत, आणि आज ते मी तुम्हालाच सांगते. ट्रे खाली ठेवून, माझं बोलणं होईस्तोवर दारातच राहा.